कियाईंचा नातू राष्ट्राध्यक्ष होतो तेव्हा: गुस दुर यांची एकवीस महिन्यांची सत्ता

लष्करकर (धागाकर्ता)

धर्मपीठावरील माणसाने राजसत्तेत यावे की नाही, ही चर्चा ग्वाल्हेरच्या आपल्या मराठी मंडळींत निघाली की ती बहुधा इराण किंवा अफगाणिस्तानपाशी सुरू होते आणि तिथेच संपते. जगातील सर्वाधिक मुस्लिम लोकसंख्येच्या इंडोनेशियाचा विषय त्यात सहसा निघत नाही. तिथे एक धर्मविद्वान मतदानाने राष्ट्राध्यक्ष झाला आणि एकवीस महिन्यांत पदावरून दूर केला गेला. अब्दुर्रहमान वाहिद, म्हणजेच गुस दुर, यांच्याविषयी मला मनापासून आदर आहे आणि तो लपवून मी लिहिणार नाही. तरीही त्यांच्या पतनाचा सगळा दोष विरोधकांच्या माथी मारावा असे मला वाटत नाही. कियाईला, म्हणजे जावातील धर्मगुरूला, शिष्य हिशेब मागत नाहीत, संसद मागते. गुस दुर सत्तेवर आले ते इतर पक्षांनी दिलेल्या मतांवर, आणि त्यांनी राज्य केले ते जन्माने मिळालेल्या विश्वासावर. माझ्या मते त्यांच्या पतनाचे मूळ इथे आहे.

त्यांचा जन्म 1940 साली पूर्व जावातील जोंबांग इथला. आजोबा हाशिम अश्‌अरी यांनी 1926 मध्ये 'नहदतुल उलमा' या संघटनेची स्थापना केली. गावोगावचे कियाई, त्यांच्या पेसांत्रन नावाच्या निवासी धार्मिक पाठशाळा आणि तिथे शिकलेली कोट्यवधी माणसे असा तिचा विस्तार आहे. वडील वाहिद हाशिम पहिले राष्ट्राध्यक्ष सुकार्नो यांच्या काळात धर्मखात्याचे मंत्री होते. मुस्लिमांनी शरियत पाळावी असे बंधन घालणारे शब्द 1945 मध्ये राज्यघटनेच्या प्रस्तावनेतून वगळले गेले, त्या वाटाघाटींच्या पिढीतले ते एक प्रमुख नाव. 1953 साली मोटार अपघातात वडील गेले, तेव्हा बारा वर्षांचे गुस दुर त्याच गाडीत होते. पुढे त्यांनी कैरोच्या अल-अजहरमध्ये आणि बगदादच्या विद्यापीठात शिक्षण घेतले. परत आल्यावर पेसांत्रनमध्ये शिकवत असतानाच ते वृत्तपत्रांतून स्तंभलेखन करू लागले, आणि धर्माइतक्याच अधिकाराने फुटबॉलवरही लिहू लागले.

1984 मध्ये सितुबोंदो येथील अधिवेशनात ते संघटनेचे अध्यक्ष झाले. त्याच अधिवेशनात नहदतुल उलमाने पक्षीय राजकारणातून अंग काढून घेतले आणि 'पंचशील' ही इंडोनेशियाची पाच राष्ट्रतत्त्वे राष्ट्राचे अधिष्ठान म्हणून स्वीकारली. काहींना ही शरणागती वाटली. मला हा निर्णय दूरदृष्टीचा वाटतो, कारण निवडणुकीच्या धावपळीतून मोकळी झालेली ही संघटना पुढे हुकूमशहा सुहार्तोंच्या राजवटीत उरलेल्या मोजक्या स्वतंत्र जागांपैकी एक ठरली. 1990 मध्ये सुहार्तोंच्या आशीर्वादाने आणि हबीबींच्या नेतृत्वाखाली मुस्लिम विचारवंतांची संघटना स्थापन झाली, तेव्हा गुस दुर तिच्यापासून दूर राहिले. धर्माच्या नावाने माणसांची विभागणी झाली तर देश फुटेल, अशी त्यांची भूमिका होती, आणि 1991 मध्ये त्यांनी काही मित्रांसह लोकशाहीसाठी एक व्यासपीठ उभे केले. एका साप्ताहिकाने वाचकांच्या कौलात पैगंबरांना अकरावे स्थान दिले म्हणून देशभर संताप उसळला होता, त्या वेळीही साप्ताहिक बंद करण्यास त्यांनी विरोध केला. 1994 मध्ये सुहार्तोंच्या माणसांनी त्यांना संघटनेच्या अध्यक्षपदावरून हटवण्याचा आटोकाट प्रयत्न केला, तरी ते थोड्या मतांनी निवडून आले.

जानेवारी 1998 मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि आधीच अधू असलेली दृष्टी जवळजवळ गेली. मे महिन्यात सुहार्तो पायउतार झाले आणि जुलैमध्ये गुस दुर यांच्या पाठिंब्याने 'पीकेबी' हा पक्ष स्थापन झाला. जून 1999 च्या निवडणुकीत त्याला 12.6 टक्के मते आणि पाचशेपैकी 51 जागा मिळाल्या. सुकार्नोंच्या कन्या मेगावती यांच्या पक्षाला 33 टक्क्यांहून अधिक मते होती. परंतु राष्ट्राध्यक्ष जनता निवडत नव्हती. सातशे सदस्यांची लोकसल्लागार सभा निवडत होती. त्या सभेने सुहार्तोंनंतर राष्ट्राध्यक्ष झालेल्या हबीबींचा कारभाराचा अहवाल 355 विरुद्ध 322 मतांनी फेटाळला आणि ते स्पर्धेतून बाहेर पडले. मग अमीन राईस यांनी जुळवलेल्या मुस्लिम पक्षांच्या 'मध्य अक्षा'ने गुस दुर यांचे नाव पुढे केले. या आघाडीतील अनेकांना स्त्री राष्ट्राध्यक्ष नको होती, हे इथे नमूद करणे आवश्यक आहे. 20 ऑक्टोबर 1999 रोजी गुस दुर यांना 373 आणि मेगावतींना 313 मते पडली. जवळपास दृष्टिहीन असलेल्या या माणसाला हाताला धरून शपथविधीसाठी नेण्यात आले. दुसऱ्या दिवशी मेगावती उपराष्ट्राध्यक्ष झाल्या.

दाणाओळी

सर, मांडणी आवडली, पण आपण पतनाच्या मुख्य भागाशी येण्याआधीच थांबलात, म्हणून माझे आक्षेप आत्ताच नोंदवतो. ज्याच्या पक्षाकडे सभागृहाचा दहावा हिस्सा आहे, त्याने मित्रपक्षांना सांभाळून घ्यायला हवे, ही राजकारणाची बाराखडी आहे. गुस दुर यांनी काय केले? नोव्हेंबर 1999 मध्ये, म्हणजे पहिल्या महिनाभरातच, एका मुस्लिम पक्षाचे नेते हम्झा हाज मंत्रिमंडळाबाहेर पडले. एप्रिल 2000 मध्ये मेगावतींच्या पक्षाचे लक्ष्मण सुकार्दी आणि सुहार्तोंच्या काळातील सत्ताधारी पक्ष गोल्कारचे युसुफ कल्ला यांना त्यांनी भ्रष्टाचाराचे आरोप करून काढले, परंतु ते आरोप सिद्ध करून दाखवले नाहीत. एका वर्षात निवडून देणारे सगळे पक्ष त्यांनी दुखावले. त्याआधी त्यांनी संसदेची तुलना बालवाडीशी केली होती, ते वेगळेच.

शिवाय परदेश दौऱ्यांची संख्या इतकी होती की देशात मालुकुतील अंबोनसारख्या ठिकाणी दंगली पेटलेल्या असताना राष्ट्राध्यक्ष विमानात असत. माझ्या दृष्टीने हा धर्मसत्ता आणि राजसत्ता यांतला झगडा नाही. आघाडी चालवता न आलेल्या नेत्याची ही गोष्ट आहे, आणि अशा गोष्टी आपल्याकडेही पुष्कळ आहेत.

स्वर्णरेखा

दाणाओळी काका, आपले आक्षेप रास्त आहेत, पण त्या एकवीस महिन्यांचे पारडे फक्त रुसलेल्या पक्षांनी तोलू नये. सुहार्तोंनी 1967 मध्ये एका आदेशाने चिनी वंशाच्या नागरिकांचे सण आणि रीतिरिवाज सार्वजनिक जागेतून घालवले होते. गुस दुर यांनी तो आदेश 2000 मध्ये रद्द केला. मे 1998 च्या दंगलीत ज्यांची दुकाने जाळली गेली, ते लोक दोन वर्षांच्या आत रस्त्यावर सिंहनृत्य करू शकले, हे लहान काम नव्हे. इरियन जया या प्रांताला 'पापुआ' हे तिथल्या लोकांचे नाव देण्याचे वचन त्यांनी दिले. साम्यवाद्यांच्या 1965-66 च्या हत्याकांडात नहदतुल उलमाच्या तरुणांचा हात होता, त्याबद्दल त्यांनी क्षमा मागितली, आणि साम्यवादावर बंदी घालणारा 1966 चा ठराव मागे घेण्याची सूचना केली. त्या सूचनेवर मुस्लिम पक्ष तर तुटून पडलेच, त्यांच्या स्वतःच्या संघटनेतील अनेक कियाईही नाराज झाले.

त्यांचा प्रभाव मला एका घटनेत सर्वांत स्पष्ट दिसतो. 24 डिसेंबर 2000 च्या रात्री इंडोनेशियातील अनेक चर्चमध्ये बाँब ठेवले गेले. पूर्व जावातील मोजोकर्तो येथे चर्चच्या पहाऱ्यावर नहदतुल उलमाच्या युवक दलाचे तरुण उभे होते. रियान्तो या स्वयंसेवकाला आत एक संशयास्पद पिशवी आढळली. तो ती उचलून बाहेर नेत असताना स्फोट झाला आणि तो जागीच गेला. नाताळच्या प्रार्थनेला पहारा देणारा मुस्लिम तरुण कोणत्या शिकवणुकीतून घडला, हा प्रश्न विचारला की गुस दुर यांच्या राजकारणाबाहेरच्या कामाचे मोल कळते.

लष्करकर (धागाकर्ता)

दोघांचेही आभार. दाणाओळींचा मुद्दा मला माझ्या मुद्द्याच्या विरोधात वाटत नाही. आघाडी का चालवता आली नाही, हाच तर प्रश्न आहे. पेसांत्रनमधील कियाईचा निर्णय कोणाशी चर्चा करून ठरत नाही. तो जाहीर होतो आणि शिष्य त्यात शहाणपण शोधतात. गुस दुर मंत्र्यांना त्याच रीतीने काढत आणि पोलीसप्रमुख त्याच रीतीने बदलत. फरक एवढाच की इथे समोर शिष्य नव्हते.

लष्कराच्या बाबतीत मात्र त्यांची ही पद्धत काही काळ उपयोगी पडली. संरक्षणमंत्रिपद नागरी व्यक्तीकडे आणि सेनादलांचे प्रमुखपद भूदलाऐवजी नौदलाच्या अधिकाऱ्याकडे देण्याचे धाडस त्यांनी दाखवले. पूर्व तिमोरमधील अत्याचारांच्या चौकशीनंतर फेब्रुवारी 2000 मध्ये त्यांनी जनरल विरांतो यांना मंत्रिमंडळातून दूर केले. परंतु मे महिन्यात 'लष्कर जिहाद' या कट्टर मुस्लिम सशस्त्र गटाचे स्वयंसेवक त्यांनी मनाई केली असतानाही सुराबायातून जहाजाने मालुकुला रवाना झाले, आणि त्यांना अडवण्याची इच्छा सेनेत कोणाला दिसली नाही. राष्ट्राध्यक्षाचा शब्द बंदरापर्यंत पोहोचला नाही, आणि तिथेच पुढच्या वर्षाची चाहूल लागली होती.

आता प्रत्यक्ष पतनाविषयी. शासकीय अन्नधान्य महामंडळाच्या कर्मचारी निधीतून 3,500 कोटी रुपिया काढले गेले आणि त्यात गुस दुर यांच्या अंगमर्दन करणाऱ्या माणसाचे नाव आले. दुसरे प्रकरण ब्रुनेईच्या सुलतानांनी आचेमधील मदतीसाठी दिलेल्या 20 लाख डॉलरचे. संसदेने 1 फेब्रुवारी 2001 रोजी पहिला आणि 30 एप्रिल रोजी दुसरा ठपका ठेवला. मे महिन्याच्या अखेरीस महान्यायवादी कार्यालयाने त्यांच्याविरुद्ध पुरावा नसल्याचे जाहीर केले, परंतु तोवर प्रश्न पैशांचा उरलाच नव्हता. सुलतानाने विश्वासाने दिलेली देणगी राष्ट्राध्यक्षाने कोणत्या खात्यात ठेवायची, याचे नियम असतात. कियाईच्या हातावर ठेवलेल्या देणगीला ते नसतात. भ्रष्टाचारापेक्षा या जुन्या सवयीनेच त्यांचा घात केला, असे मला वाटते.

22 जुलैची रात्र उलटल्यावर, 23 जुलैच्या पहाटे त्यांनी फर्मान काढले: संसद आणि लोकसल्लागार सभा गोठवल्या, वर्षभरात निवडणुका होतील, गोल्कार पक्षही गोठवला. सर्वोच्च न्यायालयाने हे फर्मान घटनाबाह्य असल्याचे मत दिले. सेना आणि पोलीस यांनी ते मानले नाही. राजवाड्यासमोर उभ्या असलेल्या रणगाड्यांच्या नळ्या राजवाड्याच्या दिशेने होत्या. लोकसल्लागार सभेने त्याच दिवशी त्यांना दूर केले आणि मेगावतींना शपथ दिली. गुस दुर यांच्या पक्षाने त्या अधिवेशनावर बहिष्कार घातला होता. संध्याकाळी अर्धी चड्डी आणि साधा सदरा अशा वेशात ते राजवाड्याच्या पायऱ्यांवर आले आणि जमलेल्या समर्थकांना हात करून आत गेले. तीन दिवसांनी उपचारासाठी ते अमेरिकेला रवाना झाले.

कंपूवाला

या फर्मानाबद्दल मी कठोर राहणार. संसद गोठवणे हे लोकशाहीवाद्याला शोभणारे नाही, मग त्यामागचा हेतू कितीही निर्मळ असो. सुहार्तोंच्या बंदुकीला ज्याने तीस वर्षांनी हटवले गेलेले पाहिले, त्यानेच सेनेला बोलावून प्रश्न सोडवण्याचा प्रयत्न करावा, हे मला आजही खटकते. सुसिलो बांबांग युधोयोनो यांनी आणीबाणीला नकार दिला म्हणून 1 जून 2001 रोजी त्यांना मंत्रिमंडळातून घालवले, हेही विसरू नये.

त्यांच्या समर्थकांचाही विचार व्हावा. फेब्रुवारी 2001 मध्ये पूर्व जावात गोल्कारची कार्यालये जाळण्यात आली आणि काही ठिकाणी रस्त्यावर झाडे आडवी टाकली गेली. 'मरायला तयार' अशा तुकड्यांमध्ये नाव नोंदवलेल्या मुलांना आपण एका घटनात्मक प्रश्नासाठी लढतो आहोत असे वाटत नव्हते. आपल्या कियाईचा अपमान झाला असे वाटत होते. गुस दुर यांनी अखेरच्या दिवशी या मुलांना रस्त्यावर उतरू दिले नाही, हे त्यांच्या पुण्याच्या बाजूला लिहितो. परंतु धर्मगुरूच्या पदाभोवतीची भक्ती राजकीय पदावर येऊन बसली की किती धोका असतो, याचा पुरावा यापेक्षा वेगळा हवा का?

हजीरा

मी ग्वाल्हेरच्या हजीऱ्यात राहतो, म्हणून ही चर्चा वाचताना मला आपल्या घराजवळचेच उदाहरण सारखे आठवत राहिले. तानसेन समारोहासाठी आपण सगळे ज्या आवारात जातो, तिथली मोठी कबर सूफी संत शेख मुहम्मद गौस यांची आहे. चार कोपऱ्यांवरचे षटकोनी बुरूज आणि भिंतींच्या जागी असलेल्या दगडी जाळ्या आपण पाहतो. जाळीतून दुपारचे ऊन आत आले की फरशीवर जी नक्षी उमटते ती पाहत उभे राहावे असे वाटते. परंतु आत निजलेल्या माणसाचे राजकारण क्वचितच कोणी सांगते.

1526 मध्ये बाबराच्या सैन्याला ग्वाल्हेरचा किल्ला मिळवून देण्यात शेख गौस यांची मदत झाली. हुमायूनचा त्यांच्यावर आणि त्यांचे बंधू शेख फूल यांच्यावर मोठा लोभ होता. सत्तेच्या एवढ्या जवळ असण्याचे मोल आधी बंधूंनी चुकवले: हुमायूनच्या भावाने, हिंदालने बंड केले तेव्हा त्यांना मारले. 1540 मध्ये शेरशाह विजयी झाल्यावर शेख गौस यांना ग्वाल्हेर सोडून गुजरातेत जावे लागले. तिथे त्यांच्या लेखनातील स्वर्गारोहणाच्या दाव्यावरून त्यांच्याविरुद्ध फतवा निघाला, आणि अहमदाबादचे थोर विद्वान वजीहुद्दीन अलवी यांनी त्यांची बाजू घेतली. अकबराच्या काळात ते परतले, पण बैरामखानाच्या दरबारात त्यांना पूर्वीचा मान मिळाला नाही.

आता या धाग्याशी असलेला दुवा. वजीहुद्दीनांचे शिष्य, भडोचचे सिब्गतुल्लाह, मदिनेत स्थायिक झाले आणि गौस यांचा शत्तारी हा सूफी पंथ त्यांनी तिथे रुजवला. त्याच मदिनेतील गुरुपरंपरेत सुमात्राचे अब्दुर्रऊफ सिंकिली शिकले आणि 1661 मध्ये आचेला परतले. त्यांच्याकडून शत्तारी साधना जावापर्यंत पसरली. म्हणजे ज्या संतपरंपरेच्या, कबरींना जाण्याच्या, पीरांना मानण्याच्या इस्लामचे रक्षण करण्यासाठी हाशिम अश्‌अरींची पिढी 1926 मध्ये एकत्र आली, त्याच्या एका धाग्याचे टोक आपल्या हजीऱ्यात आहे. गुस दुर स्वतः रात्री-अपरात्री जुन्या कबरींना जाऊन बसत, हे त्यांच्यावर टीका करणारेही सांगतात.

स्वर्णरेखा

हजीराकाका, हे वाचून फार आनंद झाला. आपल्याकडे महादजी शिंद्यांचे गुरू मन्सूरशहा यांचा उरूस गोरखीच्या देवघरात शिंदे घराणे आजही करते, त्यामुळे पीर आणि राजा यांचे नाते ग्वाल्हेरला मुळीच नवे नाही. पण मन्सूरशहांनी गादीवर बसण्याचा विचार केला नाही. गौस किंवा मन्सूरशहा राजाच्या शेजारी बसले आणि गुस दुर राजाच्याच जागी बसले, हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. शेजारी बसणाऱ्याला हद्दपारी भोगावी लागली तरी त्याचे शिष्य त्याच्याजवळ राहतात. जागेवर बसणाऱ्याचे काय झाले, ते लष्करकर सरांनी सांगावे.

दाणाओळी

आणि कंपूवाल्यांच्या फर्मानाच्या मुद्द्याला उत्तरही द्यावे.

लष्करकर (धागाकर्ता)

आधी फर्मान. ते चुकीचे होते, यात माझ्या मनात किंतु नाही. मात्र त्यांना दूर करणारी रीतही सरळ नव्हती. 1945 च्या घटनेनुसार लोकसल्लागार सभाच राष्ट्राध्यक्ष निवडणार, तीच त्याला हिशेब विचारणार आणि तीच त्याला काढणार. मध्ये न्यायालय कुठेच नव्हते. विशेष अधिवेशन 1 ऑगस्टला ठरले असताना ते अलीकडे ओढण्यात आले, आणि ज्या आर्थिक प्रकरणावरून सगळे सुरू झाले ते बाजूला राहून पोलीसप्रमुखाच्या नेमणुकीचे निमित्त पुढे आले. इंडोनेशियाच्या लोकप्रतिनिधींनाही हे टोचले असावे, कारण नोव्हेंबर 2001 मध्ये त्यांनीच घटना दुरुस्त केली. राष्ट्राध्यक्ष थेट जनतेने निवडावा आणि त्याला हटवायचे असेल तर आरोप आधी घटनात्मक न्यायालयात तपासले जावेत, अशी तरतूद झाली. 2004 पासून तिथे थेट निवडणूक होते.

त्या पहिल्या थेट निवडणुकीला गुस दुर उभे राहू इच्छित होते. निवडणूक आयोगाने वैद्यकीय तपासणीच्या आधारे त्यांचा अर्ज नाकारला. ज्या माणसाला 1999 मध्ये हाताला धरून शपथेला नेले, त्यालाच पाच वर्षांनी त्याच अंधत्वासह उमेदवारीपासून दूर ठेवले, याचे मला अतिशय वाईट वाटते.

आता स्वर्णरेखाताईंच्या प्रश्नाला उत्तर. शिष्य गेले नाहीत. 30 डिसेंबर 2009 रोजी त्यांचे निधन झाले आणि दुसऱ्या दिवशी जोंबांगच्या तेबुइरेंग पेसांत्रनमध्ये आजोबा आणि वडील यांच्याशेजारी त्यांना दफन केले. शासकीय इतमामाच्या त्या विधीचे नेतृत्व राष्ट्राध्यक्ष या नात्याने सुसिलो बांबांग युधोयोनो यांनी केले. तेव्हापासून त्या कबरीवर यात्रेकरूंची रीघ लागलेली असते, आणि त्यांत चिनी वंशाचे बौद्ध आणि ख्रिस्ती भाविकही असतात.

राज्यसंस्थेलाही अखेर आपल्या नोंदी बदलाव्या लागल्या. ज्या ठरावाने त्यांना 2001 मध्ये दूर केले होते, तो आता लागू नसल्याचे त्याच लोकसल्लागार सभेने सप्टेंबर 2024 मध्ये जाहीर केले. 10 नोव्हेंबर 2025 रोजी त्यांना राष्ट्रीय वीर हा सन्मान मिळाला. त्याच दिवशी, त्याच यादीत सुहार्तोंचेही नाव होते, आणि मानवी हक्कांसाठी काम करणाऱ्या अनेकांनी सुहार्तोंच्या नावाला जाहीर विरोध केला. गुस दुर असते तर त्यांनी काय म्हटले असते, याचा तर्क मी करणार नाही. परंतु त्यांच्या नावाच्या आडोशाने दुसऱ्या नावाचे डाग धुतले जाऊ नयेत, असे मला ठामपणे वाटते. त्या विरोधकांचे युक्तिवाद सविस्तर वाचून कोणी इथे मांडले तर चर्चा पुढे नेता येईल.